कोयुकी तशी बोलत नाही

"सरका, सरका, पुढच्यांनी खाली बसा," बाबा म्हणाले आणि त्यांनी टीव्हीचा आवाज होता तेवढा मोठा केला.

त्या रविवारी सकाळी भोसरीतल्या आमच्या एका खोलीच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. लातूरकडच्या गवळीकाकू दोन्ही सुनांना घेऊन आल्या होत्या. वरच्या मजल्यावरचे पाटीलभाऊ दारातच उभे होते, कारण आत शिरायला वाटच नव्हती. पोरं कॉटच्या खालीसुद्धा घुसली होती. मायनं सगळ्यांसाठी पोहे केले होते. बाबा कंपनीची बस चालवायचे. रविवार म्हटला की ते भिंतीकडे तोंड करून झोपायचे. आज मात्र त्यांनी दाढी करून इस्त्रीचा शर्ट घातला होता.

मी अकरा वर्षांची होते आणि टीव्हीवर माझा आवाज येणार होता.

मुलांच्या एका मराठी वाहिनीनं जपानमधला एक विज्ञानाचा कार्यक्रम आणला होता. मराठीत त्याचं नाव ठेवलं होतं ‘कोयुकीची प्रयोगशाळा’. कोयुकी म्हणजे बर्फाच्या मुलखातल्या एका खेड्यात आजीबरोबर राहणारी, माझ्याच वयाची मुलगी. तिला प्रत्येक गोष्टीचं ‘का’ हवं असायचं. तिच्यासोबत मोकू नावाचा एक बाहुला असे. डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असलेला, ढेरपोट्या, मांजर म्हणावं तर कुत्र्यासारखा दिसणारा तिकडचाच कुठलासा रानातला प्राणी. त्याला काही येत नसे आणि सगळं येतं असं मात्र वाटे. तो पडायचा, भाजून घ्यायचा, चुकीची उत्तरं द्यायचा. मग कोयुकी प्रयोग करून खरं काय ते दाखवायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर मी दोन बस बदलून एरंडवण्यातल्या स्टुडिओत जात होते आणि कानाला हेडफोन लावून कोयुकी होत होते.

मला तिथं नेलं शुभदा केळकर बाईंनी. त्या पुण्यात जपानी शिकवायच्या आणि या कार्यक्रमाचं मराठी भाषांतर त्यांनीच केलं होतं. आमच्या महापालिकेच्या शाळेत त्या एकदा जपानी गोष्टी सांगायला आल्या होत्या. मधल्या सुट्टीत मी नळावर झालेल्या भांडणाची हकिकत मैत्रिणीला सांगत होते. वर्गाबाहेर होते, म्हणून घरच्यासारखीच बोलत होते. बाई मागे उभ्या राहून ऐकत होत्या हे मला कळलंच नाही.

"कुठल्या गावची तू?" त्यांनी विचारलं.

मी घाबरून सरळ उभी राहिले. "तेल्हाऱ्याकडची, बाई. अकोला जिल्हा."

"मग घाबरतेस कशाला? मगाशी बोलत होतीस तसंच बोल. माझ्याकडे एक काम आहे आणि मला असाच आवाज हवाय."

स्टुडिओतही त्या रोज तेच सांगत. "घरी बोलतेस तसं, पूनम. अजिबात बदलायचं नाही." आणि मी बदलत नव्हते. "आजी, हे पानी अथीच काहून गोठलं वं?" असं मी कोयुकीच्या ओठांवर बसवायची, आणि काचेपलीकडे बाई मान डोलावत राहायच्या.

तर टीव्ही सुरू झाला. बर्फाखाली दबलेली घरं दिसली. संगीत वाजलं. मग एका मुलीचा आवाज आला, "कोयुकीची प्रयोगशाळा!"

तो माझा आवाज नव्हता.

मला वाटलं, नाव दुसऱ्या कुणी वाचलं असेल. मग कोयुकी घराबाहेर आली, छपरावरून लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळक्यांकडे बघून म्हणाली, "आजी, हे पाणी इथंच का बरं गोठलं असेल?" आवाज गोड होता, स्वच्छ होता, पुण्यातल्या कुठल्याशा चांगल्या शाळेतल्या मुलीचा होता. गवळीकाकूंनी माझ्याकडे बघितलं. मायनं बघितलं. बाबा टीव्हीकडेच बघत होते, कपाळाला आठी घालून.

"टीव्हीत आवाज वेगळा येत असेल," पाटीलभाऊ दारातून म्हणाले.

तेवढ्यात मोकू धप्पकन छपरावरून पडला. बर्फात डोकं रुतलेलं, ढेरी वर. आणि ओरडला, "माय वं, मेलो वो बाप्पा! माही कंबरच तुटली नं!"

खोली हसायला लागली. पोरं तर लोळायलाच लागली. गवळीकाकूंच्या धाकट्या सुनेनं तोंडाला पदर लावला. आणि सगळ्यात मोठ्यानं बाबा हसले. कपाळाची आठी गेली. "पाह्य, पाह्य, आपल्याकडचं बोलून रायलं थे," असं म्हणत त्यांनी मांडीवर थाप मारली. त्यांना पुण्यात येऊन सहा वर्षं झाली होती, आणि टीव्हीवर कुणी आपल्या गावच्यासारखं बोललेलं ते पहिल्यांदाच ऐकत होते.

मी हसत नव्हते. तो आवाज मी ओळखला होता.

माझा पाच वर्षांचा भाऊ विकी टीव्हीला नाक लावून बसला होता. तो एकदम वळला आणि म्हणाला, "बाबा, हा तं ताईचा आवाज हाय!"

मोकू पुन्हा घसरला, पुन्हा केकाटला. या वेळी पोरांशिवाय कुणी हसलं नाही. बाबांचा हात मांडीवरच राहिला. मग त्यांनी टीव्ही बंद केला नाही, काही नाही. कार्यक्रम संपेपर्यंत खाली मान घालून ऐकत राहिले. शेजारी उठून जाताना "छान झालं हो" असं म्हणत गेले. पोहे अर्धे तसेच राहिले.

"तू मोकूचंबी बोललीवती?" सगळे गेल्यावर मायनं विचारलं.

बोलले होते. शेवटच्या तीन दिवसांत बाई त्यांच्या बहिणीच्या ऑपरेशनसाठी नाशिकला गेल्या होत्या. तेव्हा डबिंगचं काम बघणारे कौस्तुभ सर म्हणाले होते, "बाळा, मोकूचा आवाज करणारे काका आले नाहीयेत. तू नुसतं वाचून दे, वेळ मोजायला. नंतर ते काका करतील." मी वाचलं. "अजून जोरात. अजून गावाकडचं. आजीबिजी ओरडते ना तुझी, तसं." काचेपलीकडची माणसं हसत होती. मला वाटलं, मी फार छान करतेय.

"आवाज सुरेख आहे, पण कोयुकी आम्ही दुसरीला दिली, असं कोनी तुले म्हतलं?" बाबांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"केयकर मॅडमनं?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी बाबांनी सुट्टी टाकली. बसमध्ये ते खिडकीशी बसून ओठ हलवत होते. मला आधी वाटलं, देवाचं काही म्हणतायत. मग त्यांनी हळूच विचारलं, "‘आमची तक्रार आहे’ असं म्हणू, का ‘थोडं विचारायचं होतं’ असं म्हणू?" बाहेरच्या माणसाशी बोलताना बाबा पुणेरी बोलायचा प्रयत्न करत. शब्द त्यांना सगळे येत, पण एकेक शब्द पारखून मांडावा तसे बोलत.

"विचारायचं होतं, म्हणा," मी म्हटलं.

स्टुडिओच्या जिन्यातच केळकर बाईंचा आवाज ऐकू आला. मी त्यांना कधी चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. आम्ही दारात दिसताच त्या थांबल्या. कौस्तुभ सर खुर्चीतून उठले. पस्तिशीचे, चष्मा डोक्यावर चढवलेला, बोलणं नेहमी हसतमुख.

"या, या, इंगळेसाहेब! अरे, कुणीतरी चहा सांगा. काय धमाल केलीय हो तुमच्या मुलीनं! सकाळपासून फोन येतायत. मोकू हिट आहे!"

बाबा बसले नाहीत. "नमस्कार. थोडं विचारायचं होतं, साहेब. माझ्या मुलीनं कोयुकीचं काम केलं होतं."

"केलं होतं ना. आणि उत्तम केलं होतं."

"मग ते कुठं गेलं?"

"बसा तर खरं." कौस्तुभ सरांनी खुर्ची पुढे ओढली. "हे बघा, मी तुमच्याशी अगदी मोकळेपणानं बोलतो. चॅनलनं पहिले दोन भाग ऐकले आणि त्यांचं म्हणणं पडलं की, हा शैक्षणिक कार्यक्रम आहे. मुलं नुसतं विज्ञान नाही शिकत, भाषाही शिकतात. आता नायिकाच जर ‘पानी’ म्हणायला लागली, ‘डोया’ म्हणायला लागली, तर उद्या पालक आम्हाला धरतील. शुद्ध तर हवंच ना? आणि हिला ‘ळ’ म्हणताच येत नाही. कार्यक्रमाच्या नावातच ‘ळ’ आहे. ‘कोयुकीची प्रयोगशाया’ कसं चालेल?" ते हसले. "स्वतःचं आडनाव ‘इंगये’ सांगते. गोड वाटतं ते, नाही असं नाही."

"आणि मोकूला चालतं?"

"मोकू गमतीचा आहे हो. त्याला सगळं चालतं. लोकांना हसू येतं."

"कशाचं?"

"म्हणजे?"

"हसू कशाचं येते, साहेब?" बाबांचं पुणेरी सुटलं होतं, आणि त्यांनी ते पुन्हा पकडलं नाही. "माही माय अशीच बोलते. गावी असते थे. आमच्या घरात कोनी मेलं तरी आमी असंच बोलतो अन् पोरगं झालं तरी असंच बोलतो. त्याच्यात हसाचं काय हाय, थे मले सांगा. मी काल सोता हसलो. म्हनून इचारून रायलो."

चहा आला. कुणीच घेतला नाही.

"तुम्ही मनाला लावून घेताय," कौस्तुभ सर म्हणाले. "बोलीभाषेचा आम्हाला आदरच आहे. पण जिथलं तिथं. आणि मुळात हिला उच्चारच येत नाहीत, तर मी तरी काय करणार?"

मी पुढे झाले. दुसरीत पटेकर बाईंनी पट्टी घेऊन शिकवलेलं सगळं माझ्या जिभेवर होतं.

"सकाळी निळ्या आभाळाखाली पिवळीधमक फुलं डोलत होती," मी म्हटलं. "तळ्याकाठच्या काळ्या मातीत मुळं खोलवर गेली होती. माझं नाव पूनम श्रीराम इंगळे. मी पाचवीतून सहावीत गेले. मला ‘ळ’ येतो, सर. ‘ण’ पण येतो. कोण, पाणी, आणि, म्हणून."

कौस्तुभ सरांनी चष्मा डोक्यावरून काढून डोळ्यांवर घातला. "अगं, मग इतके दिवस...?" आणि त्यांनी केळकर बाईंकडे पाहिलं.

मीही पाहिलं. खरं म्हणजे माझा राग कौस्तुभ सरांवर नव्हताच. ते माझे कोण होते? राग होता तो बाईंवर.

"तुमीच म्हने घरी बोलतं तसं बोल," मी त्यांना म्हटलं. "मी तं शायेतल्यासारखं बोलनार होतो. मले येत होतं. तुमी नाही म्हनाल्या. रोज नाही म्हनाल्या. मंग सांगा नं, लोकं हसले पाह्यजे म्हनून आनलंवतं मले?"

"पूनम," बाबा म्हणाले.

"नाही, बोलू द्या तिला," बाई म्हणाल्या. "पूनम, मलाही काल टीव्हीवरच कळलं. मी नाशिकहून आले तेव्हा मला सांगितलं, सगळं नीट झालंय. पण तू विचारतेस ते वेगळं आहे. त्याचं उत्तर मी आधीच द्यायला हवं होतं. कौस्तुभ, मूळ डीव्हीडी लाव."

"ताई, आता ते कशाला..."

"लाव."

तोवर मी मूळ जपानी आवाज कधी ऐकलाच नव्हता. हेडफोनमध्ये तो अगदी बारीक ठेवत, सुरुवात कुठं आणि शेवट कुठं एवढं कळण्यापुरता. आता तो खोलीभर वाजला. तीच बर्फाखालची घरं, तेच सुळके. कोयुकी बाहेर आली आणि आजीला काहीतरी म्हणाली. शब्द जाडे होते, शेवटी लांबवलेले, काही तर नाकातच अडकलेले. आजीही तसंच बोलली. मग मोकू पडला, आणि पडल्यापडल्या काहीतरी बोलला. त्याचं बोलणं मात्र अगदी गुळगुळीत. एकही शब्द इकडचा तिकडे नाही.

बाईंनी चित्र थांबवलं.

"ही मुलगी जपानच्या पार उत्तरेकडची," त्या मला म्हणाल्या, पण ऐकायचं सगळ्यांनी होतं. "हिची बोली ऐकून टोकियोतली माणसं हसतात. तिकडून टोकियोला शिकायला आलेली मुलं आपल्या गावचा एक शब्द तोंडातून निघू नये म्हणून दिवस दिवस गप्प बसतात. मी तिथं शिकायला होते तेव्हा माझ्या शेजारच्या खोलीत अशी एक मुलगी होती. दोन वर्षांत तिचा आवाज मी मोजून काही वेळा ऐकला असेल. म्हणून हा कार्यक्रम करणाऱ्यांनी मुद्दाम ठरवलं की, यातली सगळ्यात हुशार मुलगी याच बोलीत बोलेल. प्रश्न याच बोलीत विचारेल आणि उत्तरंही याच बोलीत शोधेल. आणि ज्याला काही येत नाही, पण सगळं येतं असं वाटतं, तो मोकू..." त्यांनी पडद्यावरच्या ढेरपोट्याकडे बोट केलं. "तो टोकियोतल्या बातम्या देणाऱ्या माणसासारखं शुद्ध बोलतो."

आतल्या खोलीतला तंत्रज्ञ दारात येऊन उभा राहिला होता.

"आणि तुम्ही नेमकं उलटं केलंत," बाई कौस्तुभ सरांना म्हणाल्या. "तिच्या तोंडातनं तिची भाषा काढलीत आणि याच्या तोंडात घातलीत. त्यासाठी पुन्हा याच पोरीला फसवलंत."

"ताई, मला हे माहीत असतं तर..."

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी तुला. या खुर्चीत बसून."

"सांगितलं असेल. मला वाटलं, ती तुमची हौस आहे." कौस्तुभ सरांनी हात पसरले. "आणि खरं सांगा, महाराष्ट्रात कुणाला कळणार आहे, ती मूळची काय बोलते ते?"

"मले कयलं," बाबा म्हणाले.

कौस्तुभ सर जरा वेळ टेबलावर बोटं वाजवत बसले. मग त्यांचा चेहरा उजळला. आजही तो चेहरा मला स्पष्ट दिसतो, कारण तो माणूस दुष्ट नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की आता सगळं सुटलं.

"ऐका. चूक झाली, मान्य. आपण दुरुस्त करू. पुढचे तेरा भाग अजून व्हायचे आहेत. आणि हिला तर सगळं येतंय! पूनम, पुढच्या भागापासून कोयुकी तू. आत्ता ते निळं आभाळ म्हणालीस ना, अगदी तस्संच बोलायचं. सुंदर बोललीस. त्या दुसऱ्या मुलीचं मी बघतो. काय म्हणता, इंगळेसाहेब?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुह्या मनानं," ते म्हणाले.

मला कोयुकी हवी होती. किती हवी होती ते आज सांगूनही पटणार नाही. तिच्या ओठांबरोबर माझे ओठ हलले की मला वाटायचं, माझ्याही घराबाहेर बर्फ आहे आणि माझ्याही प्रश्नांना कुणी उत्तर देणार आहे. आणि ‘ळ’ म्हणायला मला काहीच कष्ट पडत नव्हते. शाळेत दिवसभर मी तेच करत होते. ‘हो’ म्हटलं असतं तर पुढच्या रविवारी गवळीकाकू पुन्हा आल्या असत्या.

पडद्यावर कोयुकी तोंड उघडं ठेवून थांबली होती.

"कोयुकी तशी बोलत नाही," मी म्हटलं.

"अगं, पण मराठीत..."

"नाही बोलत थे. मी आत्ताच आयकलं."

"बरं, मग मोकूचं तरी पुढं करशील? मुलांना फार आवडलाय गं."

"मोकूबी तसा बोलत नाही," मी म्हटलं. "मोकू तं तुमच्यासारखा बोलते."

दारातला तंत्रज्ञ खोकला. कौस्तुभ सरांच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच गेलं.

"मग एक करा, साहेब," बाबा म्हणाले. "जे तेरा भाग झाले, त्याच्यातून माह्या पोरीचा आवाज काढा."

"ते शक्य नाही. रेकॉर्डिंग चॅनलच्या मालकीचं आहे. आता ते आहे तसंच जाणार."

"तुमी तिले खोटं सांगून बोलावलं."

"मालकी चॅनलची आहे, इंगळेसाहेब."

हे वाक्य त्यांनी शांतपणे, शुद्ध उच्चारात, पुन्हा एकदा म्हटलं. बाबांनी मला हाताला धरलं आणि आम्ही निघालो. बाई आमच्याबरोबर खालपर्यंत आल्या. फाटकाशी त्यांनी बाबांना हात जोडले. बाबांनीही जोडले. पुढच्या भागांचं भाषांतर बाईंनी केलं नाही. ते कुणीतरी इंग्रजीवरून केलं, आणि मोकूचा आवाज एका नटानं काढला, ज्यानं अकोला नकाशावरही पाहिलं नसावं. पण पहिल्या तेरा भागांत मोकू माझ्याच आवाजात राहिला. दर रविवारी मी छपरावरून पडत होते, चुलीत हात घालत होते, बर्फाला साखर समजून खात होते आणि सगळा महाराष्ट्र हसत होता. आमच्या घरात त्या वेळी टीव्ही बंद असायचा. भिंतीपलीकडून मात्र ऐकू यायचं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा माझं नाव मोकू पडलं होतं. हजेरीच्या वेळी मी "हजर" म्हटलं की मागून कुणीतरी "माय वं, मेलो वो" म्हणायचं. मी एकदोघींना बदडलं. त्यानं काही फरक पडला नाही.

फेब्रुवारीत विज्ञान दिन आला. नगरसेवक पाहुणे येणार होते. मुख्याध्यापिका कदम बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. भलत्याच खुशीत होत्या.

"पूनम, आपल्या शाळेतली मुलगी टीव्हीवर! पाहुण्यांना मुद्दाम सांगितलंय मी. दोन मिनिटं मोकू करून दाखवायचा. ते पडणं, ओरडणं, सगळं. हसून हसून मुरकुंडी वळली पाहिजे." आणि मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाल्या, "एरवी वर्गात मात्र शुद्धच बोलायचं हं. परवा तू ‘मले’ म्हणालीस म्हणे."

मी ‘बरं बाई’ म्हटलं. घरी काही सांगितलं नाही. विज्ञान दिनी मी घरून एक काचेचा पेला आणि जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद दप्तरात घालून नेला.

पटांगणात मांडव आणि छोटं स्टेज होतं. पाहुणे पहिल्या रांगेत, मागं सगळी शाळा खाली बसलेली. कदम बाईंनी माइकवरून माझं नाव सांगितलं आणि पोरांनी "मोकू! मोकू!" असा गलका केला. मी पेल्यात काठोकाठ पाणी भरलं आणि माइकसमोर उभी राहिले.

"पाह्य वं आजी," मी म्हटलं. "हा पेला म्या पान्यानं भरला."

हशा उसळला. मागच्या पोरांनी टाळ्या पिटल्या. नगरसेवक मागे रेलून हसले. कदम बाई तर आधीपासूनच हसत होत्या.

मी थांबले. हसू ओसरेपर्यंत थांबले. ते ओसरलं, मग कुणीतरी पुन्हा फिस्स केलं, मी पुन्हा थांबले.

"म्या अजून हसाचं काही सांगतलं नाही," मी माइकमध्ये म्हटलं.

मग पहिल्यापासून सुरुवात केली. "पाह्य वं आजी. हा पेला म्या पान्यानं भरला. त्याच्यावर हा कागद ठेवला. कागदाले चिकटवलं नाही, बांधलं नाही. आता म्या हा पेला उलटा करतो. तुले काय वाटते, पानी सांडन का नाही?"

या वेळी कमी जण हसले. मी कागदावर तळवा दाबून पेला उलटा केला, स्टेजच्या कडेशी येऊन नगरसेवकांच्या अगदी डोक्यावर हात नेला आणि तळवा काढून घेतला. ते खुर्चीत आक्रसले. पहिल्या रांगेतल्या एका बाई किंचाळल्या.

पाणी सांडलं नाही. कागद तसाच चिकटून राहिला. मांडवात कुणी हलेना.

"काहून नाही सांडलं?" मी विचारलं. "कोन सांगते?"

कदम बाई बाजूनं पुढे आल्या. "पूनम, मोकू कर," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "मोकू."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पेला धरून मी मुलांकडे बघत उभी राहिले. हात दुखायला लागला होता. शेवटी चौथीच्या रांगेतून एक हात वर आला. दोन वेण्या, निळ्या रिबिनी. पोरगी बीडकडची होती, तिचं नावही मला माहीत नव्हतं. तिनं आधी आपल्या बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खालून हवा दाबायलीय न्हवं का त्याला?" ती म्हणाली.

"हवा कशी दाबंल? हवेला काय हात हायती?" पलीकडून सोलापूरकडचा एक पोरगा ओरडला.

"आपून फुगा दाबतो तवा कसा उलटा दाबतो तो आपल्याला?"

"आरं पन फुगा निराळा!"

"मुलांनो, शुद्ध बोला," कदम बाई म्हणाल्या. "पाहुणे आहेत." पण त्यांचा आवाज माइकवर नव्हता आणि आता चारही बाजूंनी हात वर होत होते. कुणी खानदेशी बोलत होतं, कुणी कोल्हापूरकडचं, आणि सगळे एकमेकांना खोडून काढत होते. नगरसेवक मान वर करून पेल्याकडे बघत होते.

"हवाच दाबते," मी त्या निळ्या रिबिनीवालीला म्हटलं. "बरोबर हाय तुहं. ये वरतं. मंग आता हे सांग, थे हवा आपल्याले काहून नाही दाबत?"

ती उठली, स्कर्ट झटकला आणि मधल्या पोरांना ओलांडत स्टेजकडे यायला निघाली. येता येता तिचं बोलणं सुरूच झालं होतं.